आद्य गणिती अर्थशास्त्रज्ञ : कूर्नो

१८३८ साली पॅरिसच्या आशेत ह्या प्रकाशनसंस्थेने एक लहानसे पुस्तक प्रसिद्ध केले. संपत्तीच्या उपपत्तीमागील गणिती तत्त्वांचे संशोधन, अशा अर्थाचे लांबलचक नाव त्याला होते. लेखक आंत्वान ओग्यूस्तँ कूर्नो हा फ्रान्सच्या शिक्षणखात्यातील एक वरिष्ठ अधिकारी होता, आणि गणिताचा अभ्यासक म्हणून त्याचे नाव थोड्याफार लोकांना ठाऊक होते. पुस्तकाचे स्वागत झाले नाही, त्यावर टीकाही झाली नाही. अर्थशास्त्रज्ञांना त्यातील समीकरणे वाचता येत नव्हती आणि गणितज्ञांना त्यातील विषयाचे सोयरसुतक नव्हते. आज मात्र महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकू लागलेल्या कोणत्याही विद्यार्थ्याच्या वहीत पहिल्या महिन्यातच जी मागणीची उतरती वक्ररेषा उमटते, ती छापील स्वरूपात जगापुढे आली ती ह्याच पुस्तकातून. एकच विक्रेता असला म्हणजे किंमत कोठे थांबते, दोन असले तर कोठे, आणि असंख्य असले तर कोठे, ह्या प्रश्नांची पहिली रेखीव उत्तरेही ह्यातच आहेत.

कूर्नोचा जन्म २८ ऑगस्ट १८०१ रोजी पूर्व फ्रान्समधील ग्रे ह्या गावी झाला. सोन नदीच्या काठचे हे गाव. घराणे मूळचे त्याच भागातील शेतकऱ्यांचे. पंधराव्या वर्षी गावच्या शाळेतले शिक्षण संपले आणि पुढची सुमारे चार वर्षे ह्या मुलाने एका वकिलाच्या कचेरीत कारकुनी केली. कचेरीच्या कामातून उरलेला वेळ तो वाचनात घालवी. लाप्लासचे विश्वरचनेवरील पुस्तक आणि लायब्निट्स व क्लार्क ह्यांचा तात्त्विक पत्रव्यवहार ह्या गोष्टी त्याने त्याच दिवसांत वाचल्या. खेड्यातला एक कारकून दस्तऐवजांच्या नकला करता करता ग्रहगोलांच्या गतीचा विचार करतो, हे चित्र मोठे बोलके आहे. पुढे त्याने कायद्याची पदवीही मिळवली, आणि कज्जेदलालांच्या त्या भाषेची छाप त्याच्या लेखनावर अखेरपर्यंत राहिली. त्याचा प्रत्यय पुढे येईलच.

१८२० साली बझाँसाँ येथे गणिताची खास तयारी करून कूर्नो १८२१ मध्ये पॅरिसच्या एकोल नॉर्माल ह्या सुप्रसिद्ध शिक्षणसंस्थेत दाखल झाला. परंतु पुरते वर्षही सुरळीत गेले नाही. राजवट पुन्हा बूर्बाँ घराण्याची होती. विद्यार्थ्यांच्या उदारमतवादी वळणाचा सरकारला संशय आला आणि १८२२ मध्ये संस्थेला कुलूप लागले. कूर्नो सॉर्बोनमध्ये गेला, १८२३ मध्ये त्याने गणिताची पदवी घेतली. लाप्लास, प्वासाँ असे दिग्गज तेव्हा पॅरिसमध्ये वावरत होते. पुढे थोर गणिती म्हणून गाजलेल्या जर्मन दिरिक्लेशी त्याची ह्याच काळात मैत्री जडली.

पोटापाण्यासाठी १८२३ मध्ये त्याने मार्शल गूव्हियाँ सँ-सीर ह्यांच्या घरी नोकरी धरली. नेपोलियनचा हा जुना सेनानी नंतरच्या राजवटीत युद्धमंत्री होऊन गेला होता आणि आता आपल्या मोहिमांच्या आठवणी लिहीत होता. त्याचा चिटणीस आणि त्याच्या मुलाचा शिक्षक अशी दुहेरी चाकरी कूर्नोने दहा वर्षे केली. एवढ्या बुद्धीच्या माणसाची ऐन उमेदीची दहा वर्षे दुसऱ्याच्या आठवणींचे मसुदे नीट करण्यात गेली, ह्याबद्दल हळहळ वाटावी. पण त्या घरी त्याला स्वस्थता मिळाली. त्याच काळात, १८२९ मध्ये, त्याने यामिकीवर प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळवली. त्याचे गणिती लेखन प्वासाँच्या नजरेत भरले होते. १८३४ मध्ये प्वासाँच्याच शिफारशीने तो लियाँ येथे गणिताचा प्राध्यापक झाला. अध्यापन जेमतेम वर्षभर टिकले. १८३५ मध्ये तो ग्रनोब्लच्या शिक्षणविभागाचा रेक्टर झाला, त्यानंतर शिक्षणखात्याचा महानिरीक्षक. आणि तेथून पुढे त्याचे आयुष्य कागदपत्रे, परीक्षा आणि तपासणीचे दौरे ह्यांतच गेले. अर्थशास्त्राचे अध्यासन त्याला कधी मिळाले नाही, त्याने ते मागितल्याचेही दिसत नाही.

ह्या नोकरीच्या धबडग्यात त्याने अर्थशास्त्राला गणिताची जोड का दिली? त्या वेळी ह्या शास्त्रावर अॅडम स्मिथ, रिकार्डो आणि फ्रान्समध्ये जाँ-बातिस्त से ह्यांची छाप होती. मागणी वाढली की किंमत चढते, पुरवठा वाढला की उतरते, असे सर्वजण म्हणत. पण मागणी म्हणजे नेमके काय, हे कोणी सांगत नसे. माणसाला एखादी वस्तू हवीशी वाटणे म्हणजे मागणी काय? तसे असेल तर मोत्यांच्या कंठ्याला जगात सर्वाधिक मागणी आहे असे म्हणावे लागेल. से ह्यांच्या पंथाला तर गणिताचे नावही नकोसे होते. त्याला एक कारणही होते. १८०१ साली कानार नावाच्या लेखकाने अर्थशास्त्रात बीजगणित आणण्याचा एक प्रयत्न केला होता, विद्वत्सभेने त्याला पारितोषिकही दिले होते. परंतु मुळातली गृहीतेच चुकीची असल्याने सगळा डोलारा पोकळ ठरला. कूर्नोने आपल्या प्रस्तावनेत कानारचा समाचार घेतला आहे. चुकीच्या पायावर उभारलेले गणित पाहून लोकांनी पायाला दोष न देता गणितालाच दोष दिला, ही त्याची तक्रार होती.

त्याचा खरा मुद्दा मात्र अधिक खोल आहे, आणि तो समजला म्हणजे पुढचे सर्व सोपे होते. सामान्य समजूत अशी की, गणित म्हणजे आकडे. अर्थव्यवहारात आकडे हाती नसतात, तेव्हा तेथे गणिताचे काम नाही. कूर्नोने सांगितले की, उच्च गणिताचे काम केवळ आकडे काढण्याचे नाही. एक राशी दुसऱ्या राशीवर अवलंबून आहे एवढेच ठाऊक असले, त्या अवलंबनाचे नेमके सूत्र ठाऊक नसले, तरीही त्यातून निश्चित निष्कर्ष काढता येतात. दगड डोंगरावरून घरंगळत खाली येईल हे सांगायला त्याचे वजन ठाऊक असावे लागत नाही, तसेच हे.

म्हणून त्याने मागणीची व्याख्या अगदी रोखठोक केली. एखाद्या वस्तूची वर्षभराची सरासरी किंमत अमुक असताना वर्षभरात ती जितकी खपते तितकी तिची मागणी. मनातली इच्छा, गरज, हौस ह्या गोष्टी बाजूला ठेवल्या. दुकानातून प्रत्यक्ष काय बाहेर पडले तेवढे मोजले. हा खप किंमतीचे 'फल' होय, म्हणजे किंमत बदलली की तोही बदलतो, आणि सामान्यतः किंमत वाढली की तो घटतो. हिऱ्यांसारख्या काही वस्तू महाग असतात म्हणूनच लोकांना हव्या असतात, हा अपवाद त्याला ठाऊक होता. पण अशा वस्तू अर्थव्यवहारात थोड्या. एका गिऱ्हाईकाचा विचार केला तर खप धक्क्याधक्क्याने बदलतो: जळणाचे लाकूड थोडे महाग झाले म्हणून कोणी लगेच चूल विझवीत नाही. पण गिऱ्हाइके हजारो असली की त्यांच्या सवयी, मिळकती, लहरी एकमेकींत मिसळतात आणि एकूण खप किंमतीबरोबर सलगपणे हलू लागतो. संभाव्यताशास्त्राच्या अभ्यासकालाच सुचावा असा हा विचार आहे.

ह्यानंतर येतो तो प्रसिद्ध खनिज झरा. एका माणसाच्या जमिनीत औषधी गुणाच्या पाण्याचा झरा निघाला आहे, आणि तसे पाणी दुसरीकडे कोठेच नाही. पाणी काढायला खर्च जवळजवळ नाही. त्याने किंमत किती ठेवावी? एका लिटरला शंभर फ्रँक मागितले तर दोनचार धनाढ्य रोगी घेतील. फुकट वाटले तर सारा गाव लोटेल, पण गल्ल्यात काही पडणार नाही. मधे कोठेतरी अशी एक किंमत आहे की जिथे किंमत आणि खप ह्यांचा गुणाकार सर्वांत मोठा होतो. मालक किंमत थोडीथोडी उतरवीत शेवटी तेथेच येऊन थांबेल. कलनशास्त्राच्या साह्याने ही जागा एका ओळीत सांगता येते. तिच्यासाठी मागणीचे नेमके सूत्र ठाऊक असण्याची गरज नाही.

समीकरणे टाळून हे आकड्यांत पाहावयाचे तर असे धरावे की, एका रुपयाला घागर असेल तर दिवसाला ११९ घागरी खपतात, दोन रुपयांना ११८, आणि असेच प्रत्येक रुपयाला एक घागर कमी होत १२० रुपयांना खप शून्यावर येतो. (हे आकडे समजुतीसाठी आहेत, कूर्नोचे नाहीत.) हिशेब करून पाहिल्यास मालकाला सर्वाधिक लाभ ६० रुपये भाव ठेवल्यास होतो: ६० घागरी, ३,६०० रुपये. पन्नास रुपये भाव ठेवला तर ३,५००. सत्तर ठेवला तरी ३,५००च.

आता शेजारच्या रानात तशाच गुणाचा दुसरा झरा निघाला. मालक वेगळा. दोघांनी हातमिळवणी केली नाही, तर काय होईल? कूर्नोच्या आधी ह्या प्रश्नाचे उत्तर कोणी दिले नव्हते. 'स्पर्धेने भाव उतरतात' एवढेच ढोबळपणे म्हटले जाई. कूर्नोने असे मानले की, प्रत्येक मालक दुसऱ्याने बाजारात किती पाणी आणले आहे ते पाहतो, ते तेवढेच राहील असे धरतो आणि आपल्या फायद्याचे माप ठरवतो. पहिला ६० घागरी विकतो आहे असे पाहून दुसरा ३० घागरी आणतो. कारण उरलेल्या मागणीत त्याला तेच सर्वांत किफायतशीर. बाजारात ९० घागरी झाल्या, भाव ३० वर आला. मग पहिला आपले माप ४५ वर आणतो. ते पाहून दुसरा साडेसदतीसवर जातो. पहिला पुन्हा किंचित खाली सरतो, दुसरा किंचित वर चढतो, आणि ही ये-जा लहान लहान होत दोघेही ४० घागरींवर स्थिरावतात. एकूण ८० घागरी, भाव ४० रुपये. तेथे पोचल्यावर एकट्याने माप वाढवून किंवा घटवून कोणाचाही फायदा होत नाही. कूर्नोने एका आकृतीत दोन वक्ररेषा काढून त्यांच्या छेदबिंदूवर हा समतोल दाखवला आहे.

एक गोष्ट कोणाही हिशेबी माणसाच्या ध्यानात येईल. दोघे मिळून ३,२०० रुपये कमावतात. एकजूट केली असती, प्रत्येकाने तीसच घागरी आणल्या असत्या, तर भाव ६० राहून दोघांना मिळून ३,६०० मिळाले असते. मग ते एकजूट का करीत नाहीत? कूर्नोचे उत्तर मार्मिक आहे. तीस-तीसचा करार ठरला असताना एकाने गुपचूप ४५ घागरी आणल्या तर भाव ४५ वर येतो, त्याला १,८०० ऐवजी २,०२५ रुपये मिळतात आणि प्रामाणिक राहिलेला सोबती १,३५० वर घसरतो. करार मोडण्यातच ज्याचा त्याचा तात्कालिक लाभ असल्यामुळे बाहेरच्या बंधनाखेरीज असा करार तगत नाही. पुढे साखरसम्राटांपासून तेल विकणाऱ्या राष्ट्रांपर्यंत अनेकांनी ह्याचा अनुभव घेतला आहे. एखाद्या संघाने उत्पादनाचे वाटे ठरवावेत आणि सभासदांनीच ते ओलांडावेत, ह्यात स्वभावदोषापेक्षा हिशेबाचाच भाग मोठा असतो.

झऱ्यांची संख्या वाढवीत गेले तर? तीन मालक असले तर भाव ३० वर, पाच असले तर २० वर, अकरा असले तर १० वर येतो. मालक असंख्य झाले की भाव उत्पादनखर्चाला, म्हणजे ह्या उदाहरणात शून्याला, जाऊन भिडतो. मक्तेदारी आणि खुली स्पर्धा ह्या दोन वेगळ्या जाती नव्हेत. एकाच शिडीची ही दोन टोके आहेत आणि मधल्या प्रत्येक पायरीवर काय घडते हे मोजता येते, हा कूर्नोच्या पुस्तकाचा गाभा म्हटला पाहिजे. अनेकांची दृष्टी केवळ दोन टोकांवर खिळलेली असताना त्याने मधली शिडी दाखवली.

करांचे प्रकरण येथे थोडक्यात आटोपावे. मक्तेदाराच्या मालावर दर नगामागे कर बसवला तर तो सर्वच्या सर्व गिऱ्हाइकाच्या माथी मारला जातो, ही समजूत त्याने खोडून काढली. वरच्या उदाहरणात घागरीला २० रुपये कर लावल्यास भाव ६० चा ७० होतो, ८० नव्हे. सरकारला १,००० रुपये मिळतात. मक्तेदाराचे मात्र १,१०० रुपयांचे नुकसान होते, आणि गिऱ्हाइकाचे होते ते वेगळेच.

ह्यापुढचे, नवव्या प्रकरणातले विवेचन मात्र सावकाश वाचण्याजोगे आहे, कारण ते सहजबुद्धीला चकवा देणारे आहे. पितळेची भांडी घरोघर असणाऱ्या मराठी वाचकाला त्यातले उदाहरण परके वाटणार नाही. पितळ होते तांबे आणि जस्त ह्यांच्या मिश्रणाने. समजा, साऱ्या तांब्याचा मक्ता एकाकडे आणि साऱ्या जस्ताचा दुसऱ्याकडे आहे, आणि ह्या धातूंचा पितळेखेरीज दुसरा उपयोग नाही. पितळेची मागणी झऱ्याच्या पाण्यासारखीच धरावी आणि खर्च सोडून द्यावा. दोन्ही मक्ते एकाच्याच हाती असते तर पितळेचा भाव ६० राहिला असता. मक्ते दोघांत विभागले आहेत. तेव्हा भाव उतरेल असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात तो चढतो. तांबेवाला स्वतःपुरता विचार करून ४० मागतो, जस्तवालाही ४० मागतो, आणि पितळ ८० ला पडते. गिऱ्हाईक जास्त देते, खप ६० वरून ४० वर उतरतो, आणि दोघे मक्तेदार मिळून ३,६०० ऐवजी ३,२००च कमावतात. सगळ्यांचेच नुकसान. कारण असे की, प्रत्येकजण भाव वाढवताना आपला खप किती घटेल एवढेच पाहतो. त्याच वाढीने दुसऱ्याचाही खप घटतो, हे त्याच्या हिशेबात येत नाही.

एकाच नदीवर ठिकठिकाणच्या सरदारांनी आपापली जकातनाकी बसवली की व्यापार कसा गुदमरतो, हे ह्या प्रकरणावरून उलगडते. एकच मोठा लुटारू असता तर त्याने व्यापार जिवंत राहील एवढीच जकात घेतली असती. दहा लहान लुटारूंनी मिळून तो बुडवला. आजच्या काळी एकेका यंत्रात शेकडो पेटंटे गुंतलेली असतात आणि प्रत्येक धनी आपले शुल्क वेगळे मागतो, त्या गुंत्याची चिकित्सा करताना अभ्यासक कूर्नोच्या ह्याच तांबे-जस्ताकडे वळतात. स्पर्धा करणारे विक्रेते एकत्र आले तर गिऱ्हाइकाचा तोटा, परस्परपूरक वस्तूंचे विक्रेते एकत्र आले तर फायदा, हा भेद कळल्यावाचून कोणत्याही कंपन्यांच्या एकीकरणाबद्दल बरेवाईट बोलण्यात अर्थ नाही.

पुस्तकाच्या अखेरच्या प्रकरणांत कूर्नो देशादेशांतील व्यापाराकडे वळतो. तेथे त्याची पकड सुटलेली दिसते. खुल्या व्यापाराने राष्ट्रीय उत्पन्न काही वेळा घटू शकते असा निष्कर्ष त्याने काढला, तो नंतरच्या टीकाकारांना मान्य झाला नाही, आणि ज्या उत्पन्नाची तो बेरीज करतो त्या कल्पनेतच उणीव असल्याचे त्यांनी दाखवले. खुल्या व्यापाराला धर्मतत्त्व मानणाऱ्या फ्रेंच अर्थपंडितांना तर एवढे कारण पुरेसे होते. मात्र एक गोष्ट त्याने तेथे स्वच्छ ओळखली होती: एका बाजारातील फेरफार दुसऱ्या बाजारांत पसरत जातो, आणि खरे उत्तर काढायचे तर सर्व बाजारांची समीकरणे एकदमच सोडवली पाहिजेत. हे काम गणिताच्या व्यावहारिक आटोक्याबाहेरचे आहे असे म्हणून तो थांबला.

पुस्तक पडून राहिले. कूर्नो दुसऱ्या विषयांकडे वळला. १८४३ मध्ये त्याने संभाव्यताशास्त्रावर ग्रंथ लिहिला, १८५१ मध्ये मानवी ज्ञानाच्या पायावर. ह्या लेखनातली त्याची 'यदृच्छे'ची कल्पना तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकांत आजही मानाने सांगितली जाते. यदृच्छा म्हणजे आपले अज्ञान, असे लाप्लासचे मत. कूर्नो म्हणतो, तसे नाही. एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन कार्यकारणमालिका जेथे एकमेकींना छेदतात तेथे यदृच्छा असते, आणि ती जगातच असते. दोन भाऊ एकाच तुकडीत लढताना एकाच दिवशी पडले तर त्यात नवल नाही. पण एक उत्तर सीमेवर आणि दुसरा आल्प्सच्या पायथ्याशी असताना दोघे एकाच दिवशी मारले गेले तर तो योगायोग. दोन्ही मृत्यूंना कारणे आहेतच. कारणांच्या त्या दोन धाग्यांना जोडणारा तिसरा धागा मात्र नाही.

चाळिशी ओलांडली तोच त्याची दृष्टी मंद होऊ लागली. १८५४ ते १८६२ तो दिजाँ येथे रेक्टर होता. निवृत्त होऊन पॅरिसला आल्यावर, १८६३ मध्ये, त्याने आपला जुना अर्थशास्त्रीय विचार पुन्हा मांडला, आणि ह्या खेपेस एकही समीकरण घातले नाही. प्रस्तावनेत जुन्या कारकुनाची भाषा जागी झाली आहे. पंचवीस वर्षांपूर्वीच्या निकालावर हे अपील आहे. पहिल्या वेळी बीजगणिताचा गुन्हा घडला होता, तो आता काढून टाकला आहे. हेही अपील फेटाळले गेले तर पुन्हा दाद मागणार नाही, मात्र सत्याच्या हितासाठी केव्हातरी हा निकाल फिरेल एवढे समाधान उरेल, असा त्याचा आशय. अपील फेटाळले गेले. बीजगणित काढल्याने पुस्तक सुबोध न होता मिळमिळीत मात्र झाले, कारण त्याच्या विचाराचा कणाच बीजगणित होता.

निकाल फिरवणारा माणूस मात्र तोवर तयार होत होता. लेआँ वालरास हा कूर्नोच्या एका सहाध्यायाचा मुलगा. कूर्नोचे १८३८ चे पुस्तक त्याने तरुणपणीच वाचले होते. पुढे स्वित्झर्लंडमधील लोझान येथे प्राध्यापक झाल्यावर, जे काम आटोक्याबाहेरचे म्हणून कूर्नोने सोडले होते तेच त्याने अंगावर घेतले. सर्व बाजारांचा एकत्र समतोल मांडणारा त्याचा ग्रंथ १८७४ पासून प्रसिद्ध होऊ लागला. त्याआधी १८७३ मध्ये त्याने ह्या वृद्धाशी पत्रव्यवहार केला. कूर्नोने उत्तर दिले ते मन विषण्ण करणारे आहे. तीस वर्षे रोजच्या वाचनासाठी आपल्याला दुसऱ्याच्या डोळ्यांवर विसंबावे लागत आहे, आणि गणिताचे पुस्तक वाचून दाखवील असा वाचक काही मिळत नाही, अशा अर्थाचा मजकूर त्यात आहे. आपल्या पुस्तकाचा पहिला खरा वारस भेटला, आणि त्याची समीकरणे वाचण्याइतके डोळे राहिले नव्हते.

१८७७ मध्ये त्याने अर्थशास्त्रीय मतांचा एक संक्षिप्त आढावा प्रसिद्ध केला. दाद मागणार नाही असे म्हणूनही त्याला राहवले नव्हते. त्याच वर्षी ३१ मार्च रोजी तो पॅरिसमध्ये वारला. इंग्लंडमध्ये जेव्हन्सने १८७९ मध्ये आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत त्याचे श्रेय जाहीरपणे मान्य केले. मार्शलनेही १८९० च्या आपल्या ग्रंथात त्याचे ऋण नोंदवले. अमेरिकेत आयर्व्हिंग फिशरच्या पुढाकाराने १८९७ मध्ये इंग्रजी भाषांतर निघाले, आणि त्यानंतर ह्या पुस्तकाला वाचकांची वाण पडली नाही.

फ्रान्समध्ये त्याच्यावर पहिला मोठा हल्ला झाला तो त्याच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी. जोझेफ बर्त्राँ ह्या गणितज्ञाने १८८३ मध्ये कूर्नो आणि वालरास ह्या दोघांच्या पुस्तकांचे एकत्रच परीक्षण लिहिले. त्याचा आक्षेप असा की, ४० रुपये भाव असताना एका झरेवाल्याने ३९ केला तर सगळी गिऱ्हाइके त्याच्याकडे धावतील, त्याची कमाई १,६०० वरून ३,१५९ वर जाईल. मग दुसरा ३८ करील, आणि दोघेच असूनही भाव शून्याला जाईल. आक्षेप बिनतोड वाटतो. पण कूर्नोचे विक्रेते भाव ठरवीत नाहीत, माल किती आणावयाचा ते ठरवतात, हे बर्त्राँने लक्षात घेतले नाही. ह्या दोन चित्रांतले खरे कोणते हा वाद शंभर वर्षे चालला. एजवर्थने १८९७ मध्ये दाखवले की, प्रत्येकाची माल पुरवण्याची शक्ती मर्यादित असली तर बर्त्राँची घसरण तळाला पोचत नाही. १८८३ नंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९८३ मध्ये, क्रेप्स आणि शाइन्कमन ह्या दोघांनी असे सिद्ध केले की, विक्रेत्यांनी आधी आपली उत्पादनशक्ती ठरवली आणि मग भावात चढाओढ केली, तर काही अटींखाली निष्पत्ती कूर्नोच्याच उत्तराशी येऊन मिळते. कारखाना किती मोठा बांधावा हे आधी ठरते आणि मालाचा भाव मागाहून, असा पोलाद किंवा सिमेंट ह्यांसारख्या धंद्यांचा सामान्य क्रम असल्याने तेथे कूर्नो चालतो. जेथे माल क्षणात हवा तेवढा वाढवता येतो तेथे बर्त्राँ.

मधल्या काळात, १९५० च्या सुमारास, प्रिन्स्टन येथील जॉन नॅश ह्या तरुण गणितज्ञाने कोणत्याही संख्येच्या स्पर्धकांसाठी समतोलाची एक व्यापक व्याख्या दिली: इतरांची चाल कायम असताना एकट्याने आपली चाल बदलून कोणाचाही लाभ होत नसेल, ती स्थिती म्हणजे समतोल. ह्या कामासाठी त्याला १९९४ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल स्मृतिपारितोषिक मिळाले. दोन झऱ्यांच्या मालकांची चाळीस-चाळीस घागरींची स्थिती हे त्या व्याख्येचे उदाहरण आहे, ते एकशे बारा वर्षे आधी सोडवलेले. म्हणून पाठ्यपुस्तके त्याला आता 'कूर्नो-नॅश समतोल' म्हणतात. कूर्नोने १८५९ मध्ये लिहून ठेवलेल्या आठवणी मात्र १९१३ पर्यंत हस्तलिखितातच होत्या.